स्पोर्ट्स कारला बाहेरचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सुरुवात कोल्हापुरात शिरोलीच्या एका फाउंड्रीत झाली. तिथं बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, मॅनिफोल्ड ओतताना पाहिले, त्यांची तोंडं मशीनवर घासली. पुढची बरीच वर्षं स्टेनलेसच्या नळ्या वाकवण्यात आणि जोडण्यात गेली. त्यामुळं गाडीवेड्या मित्रांचे फोन येत राहतात. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात गेलेल्या आपल्या मुलांकडं टोयोटा जीटी८६ किंवा माझदा एमएक्स-५ असते, पुण्या-मुंबईत कुणाकडं ऑक्टाव्हिया व्हीआरएस असते, आणि प्रश्न फिरून तेच असतात: किती ताकद वाढेल, किती दिवस टिकेल. उदाहरणासाठी मी बऱ्याच ठिकाणी जीटी८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड घेतली आहे, कारण मॅनिफोल्डनं इंजिनाचा स्वभाव कसा बदलतो हे त्या गाडीत लख्ख दिसतं.

मॅनिफोल्ड आणि हेडर यांत फरक काय?

काम एकच. प्रत्येक सिलिंडरमधून निघणारा जळलेला वायू गोळा करून पुढच्या एका पाइपात सोडायचा. ओतलेल्या, आखूड आणि जाड भागाला आपण मॅनिफोल्ड म्हणतो. वेगवेगळ्या नळ्या वाकवून, वेल्ड करून बनवलेल्याला हेडर म्हणतात. मोटरसायकलवाले ज्याला बेंड पाइप म्हणतात, त्याचाच हा चार तोंडांचा मोठा भाऊ. या पानावर दोन्ही शब्द येतील.

नळीच्या लांबीनं ताकद कशी वाढते? नळी मोकळी असली म्हणजे झालं ना?

बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून बराच दाब शिल्लक असतो. तो दाब धक्क्यासारखा नळीत शिरतो आणि ध्वनीच्या वेगानं पुढं धावतो. नळीतला वायू ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असेल तर हा वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर असतो, आपल्या नेहमीच्या हवेतल्या वेगाच्या पावणेदोनपट. धक्का नळ्यांच्या संगमापाशी, म्हणजे कलेक्टरपाशी पोचला की त्याला एकदम मोठी जागा मिळते, आणि तिथून कमी दाबाची एक लाट उलटी व्हॉल्व्हकडं निघते. ती लाट व्हॉल्व्हपाशी नेमकी अशा क्षणी पोचली, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलाय आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलाय, तर ती सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते आणि ताज्या हवेलाही आत यायला हात देते.

आता साधा हिशेब करा. संगमापर्यंतची नळी ८० सेंटिमीटर धरली तर लाटेला जाऊन येऊन १६० सेंटिमीटर अंतर पडतं. त्याला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर तेवढ्यात क्रँक ९६ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांवर तो फक्त ४८ अंश फिरलेला असतो. लाट त्याच वेळात आली, पण इंजिन त्या वेळी वेगळ्याच ठिकाणी होतं. म्हणजे एक लांबी ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच मदत करते आणि दुसऱ्या टप्प्यात हीच लाट उलट्या वेळी येऊन अडथळाही करते. म्हणून “सगळीकडं ताकद वाढवणारा हेडर” असं कुणी विकत असेल तर त्याला आधी डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख दाखवायला सांगा.

मोकळेपणाचंही तसंच. नळी फार रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो, आणि गावातल्या रस्त्यावर जे पिकअप रोज वापरायचं तेच हरवतं.

४-१ घ्यावा की ४-२-१?

४-१ मध्ये चारही नळ्या एकाच ठिकाणी मिळतात. त्याचा जोर वरच्या फेऱ्यांत, अरुंद टप्प्यात. ट्रॅकवर सतत इंजिन ताणून चालवणाऱ्याला तो आवडतो. ४-२-१ मध्ये आधी दोन-दोनच्या जोड्या होतात. सरळ चार सिलिंडरांचा ठिणगी पडण्याचा १-३-४-२ हा क्रम असेल तर १ आणि ४ एका जोडीत, २ आणि ३ दुसऱ्या जोडीत. त्यामुळं एकाचा धक्का लगेच पाठोपाठ येणाऱ्या शेजाऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर आदळत नाही आणि मधल्या फेऱ्यांतला टॉर्क रुंद होतो.

रस्त्यावरच्या गाडीला मी ४-२-१ च सांगतो. माझदानं स्कायअ‍ॅक्टिव्ह-जी इंजिनांना कारखान्यातूनच लांब ४-२-१ दिला, आणि कारण नुसती ताकद नव्हती. सिलिंडरमध्ये मागं राहणारा गरम धूर कमी झाला की नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्याची, भीती कमी होते आणि जास्त कॉम्प्रेशन रेशो पेलता येतो. चौथ्या पिढीच्या एमएक्स-५ मध्येही हीच रचना आहे. त्यामुळं त्या गाडीला बाहेरचा हेडर लावून फार काही हाती लागेल अशी आशा धरू नका. होंडा एस२००० चंही असंच: तिचा मूळ हेडर नळ्यांचाच आणि चांगला आहे. कंपनीनं नीट केलेलं काम मोडून पुन्हा करण्यात पैसे घालवू नयेत.

मग जीटी८६ मध्ये का फरक पडतो?

२०१२ साली आलेल्या या गाडीचं एफए२० इंजिन १,९९८ सीसीचं, बॉक्सर पद्धतीचं (सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे), बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर. ७,००० फेऱ्यांना २०० पीएस (अश्वशक्ती) आणि ६,४०० ते ६,६०० च्या दरम्यान २०५ न्यूटन-मीटर. कागदावर उत्तम. पण चालवणाऱ्याला साधारण ३,५०० ते ४,५०० फेऱ्यांमध्ये एक खड्डा जाणवतो. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर वळणातून बाहेर पडताना आपण नेमके याच फेऱ्यांत असतो. पाय दाबला तरी गाडी क्षणभर विचार करते.

या खड्ड्याचं मोठं कारण लाटांच्या वेळेत आहे, म्हणूनच हेडर आणि त्याला जुळणारं ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, ट्यूनिंग एकत्र केलं की तो बराच भरून निघतो. सर्वोच्च ताकदीचा आकडा थोडाच वाढतो. पण मधला खड्डा भरला की गाडी एकदम वेगळी वाटते, आणि माझ्या मते पैसे त्याचेच द्यायचे असतात. टोयोटानं २०१७ च्या सुधारणेत मॅन्युअल गाडीचे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड बदलून टॉर्क २१२ न्यूटन-मीटरवर नेला. २०२१ च्या जीआर८६ ला २.४ लिटरचं इंजिन दिलं. तिचा २५० न्यूटन-मीटर टॉर्क ३,७०० फेऱ्यांनाच हजर असतो, म्हणजे जुना खड्डा होता अगदी त्याच जागी.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. एफए२० च्या मूळ मॅनिफोल्डमध्येच पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅट, बसवलेला आहे. बाजारातले कित्येक हेडर तो काढूनच ताकद दाखवतात. तुलना करताना कॅटसह हेडर आणि कॅटशिवाय हेडर यांचे आलेख शेजारी ठेवू नका.

समान लांबीच्या नळ्या चांगल्या की असमान?

कामगिरीसाठी समान. आवाजासाठी लोक असमान घेतात. जुन्या सुबारूंचा जो धडधडता, गडगडणारा आवाज सगळ्यांच्या कानात बसलाय, तो असमान नळ्यांमुळं धक्के संगमावर कमी-जास्त अंतरानं पोचतात म्हणून येतो. इंजिनात ठिणगी समान अंतरानंच पडत असते. असमान हेडर लावल्यानं गाडी खराब होत नाही आणि नीट आखलेला असमान हेडरसुद्धा मधला टॉर्क सुधारू शकतो. आवाज आवडतो म्हणून घेतला, इतकं मोकळेपणानं म्हणा. त्यात वावगं काही नाही.

माझ्याकडं ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे. हेडर कुठला घेऊ?

घेता येणार नाही. तिच्या ईए८८८ तिसऱ्या पिढीच्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि त्याच्याभोवती कूलंट फिरतं. टर्बो थेट हेडवर बसतो. भारतातल्या पोलो जीटीआयचं तसंच, आणि व्हर्टस-टायगनच्या टीएसआय इंजिनांचंही. या गाड्यांना “हेडर” म्हणून जे विकलं जातं ते टर्बोच्या पुढचं डाउनपाइप असतं. त्याचे प्रश्न वेगळे.

बिडाचा मूळ मॅनिफोल्ड जास्त टिकतो, हे खरं का?

बहुतेक वेळा हो. पण बीड म्हणजे एकच धातू नव्हे, आणि हे फाउंड्रीत काम केल्याशिवाय लवकर कळत नाही.

साध्या करड्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं. ते वारंवार खूप तापवलं की आतली रचना बदलते, पापुद्र्यांच्या वाटेनं ऑक्सिडेशन आत शिरतं आणि तुकडा कायमचा थोडा फुगतो. निवल्यावर मूळ मापाला परत येत नाही. असे फुगलेले मॅनिफोल्ड हेडवरून काढले की पुन्हा बसवताना भोकं स्टडांशी जुळत नाहीत. एसजी आयर्नमध्ये ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं, त्यामुळं तडा पुढं धावत नाही. त्यात सुमारे चार टक्के सिलिकॉन आणि थोडं मॉलिब्डेनम घालून केलेलं सिमो बीड टर्बो गाड्यांसाठी वापरतात. त्याहून गरम इंजिनांना जास्त निकेल असलेलं नि-रेझिस्ट किंवा सरळ ओतीव स्टील.

बिडाच्या बाजूनं दोन गोष्टी बोलतात. एक, ते स्टेनलेसच्या दोन-तृतीयांशच प्रसरण पावतं. दोन, भिंत जाड असते आणि वेल्डिंगचा सांधा नसतो. उलट बाजूनं, जाड बीड सुरुवातीला उष्णता स्वतःच पिऊन टाकतं, आणि कॅट काम सुरू करायला लागणाऱ्या अडीचशे-तीनशे अंशांना उशिरा पोचतो. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर कंपन्या पातळ नळ्यांकडं वळल्या, त्यामागं हे एक ठोस कारण आहे.

आणि बीडही तडकतं. मित्सुबिशी एक्लिप्सच्या टर्बो गाड्यांचे मूळ मॅनिफोल्ड तडकण्यासाठीच ओळखले जातात. दुसऱ्या टोकाला फेरारी एफ३५५ पाहा: सिलिंडरमागं पाच व्हॉल्व्ह असलेलं सुंदर व्ही८ इंजिन, पण १९९४ ते १९९९ मधल्या या गाडीचे मूळ मॅनिफोल्ड निकामी होणं इतकं नेहमीचं आहे, की जुनी एफ३५५ घेणारा जाणकार आधी तेच तपासतो. तिथं बाहेरून बनवलेला चांगला मॅनिफोल्ड मुळापेक्षा जास्त टिकतो. मूळ ते अमर, असा नियम नाही.

नळ्यांचा हेडर तडकतो तो नेमका कशामुळं?

नळीला वाढायला जागा मिळत नाही म्हणून. बाकी सगळी कारणं याच्या पाठोपाठ येतात.

३०४ स्टेनलेसची ४० सेंटिमीटरची नळी ७०० अंशांनी तापली तर ती सुमारे ५ मिलिमीटर लांब होते. पाच मिलिमीटर म्हणजे आपल्या करंगळीच्या जवळपास अर्ध्या रुंदीइतकं. एका टोकाला ती जाड फ्लँजवर, म्हणजे बोल्ट लावायच्या पट्टीवर, आणि त्या फ्लँजमधून अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर घट्ट बसलेली असते, आणि हेड तर कूलंटमुळं शंभर अंशांच्या आसपासच असतं. दुसऱ्या टोकाला चार नळ्या कलेक्टरमध्ये एकमेकींना वेल्ड केलेल्या. प्रत्येकीची लांबी, वळण आणि तापमान वेगळं, म्हणजे प्रत्येक जण वेगळं ढकलते. हे ढकलणं-ओढणं प्रत्येक वेळी गाडी सुरू करून बंद केली की एकदा होतं. तडा जवळजवळ नेहमी वेल्डिंगच्या रेघेला लागून असलेल्या धातूत पडतो, फ्लँजपाशी किंवा कलेक्टरच्या मधल्या चोचीत.

यावर उपाय जुनेच आहेत. नळीला मुद्दाम वळणं देतात, म्हणजे ती लांब होण्याऐवजी थोडी वाकते. कलेक्टर वेल्ड न करता एकात एक सरकणाऱ्या सांध्यावर बसवतात आणि स्प्रिंगनं धरून ठेवतात. हेडकडच्या फ्लँजला दोन तोंडांच्या मध्ये कापून मोकळं करतात. शिवाय हेडरच्या पुढं लवचीक जाळीचा तुकडा हवाच, विशेषतः आडवं इंजिन असलेल्या गाडीत. इंजिन रबरी माउंटवर डुलतं, मागचा पाइप बॉडीला लटकलेला असतो, आणि मधला तुकडा कडक असला की तो सगळा हेलकावा हेडरच्या वेल्डिंगवर येतो.

माझ्याकडं आलेला एक हेडर आठवतो. मालकानं मोठ्या हौसेनं मागवलेला, चकचकीत, बाहेरून शिलाई मोत्यांच्या माळेसारखी. आठ महिन्यांत दोन नळ्या सुटल्या. कापून पाहिलं तर आत वेल्डिंगची साखर झालेली होती, काळी, खरखरीत, फुटाण्यासारखी. ती का होते ते पुढं सांगतो. त्या मुलाचा चेहरा पाहून मला खरंच वाईट वाटलं, कारण बाहेरून पाहून हे ओळखणं त्याला शक्यच नव्हतं.

३०४, ३२१, ४०९ यांतलं कोणतं स्टेनलेस घ्यावं?

४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, निकेल जवळपास नाही. कंपन्या मूळ एक्झॉस्टला हेच वापरतात. ते कमी प्रसरण पावतं, स्वस्त असतं, वरून तांबूस गंज धरतं पण लवकर कुजत नाही. दिसायला गरीब, कामाला प्रामाणिक.

३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. बाजारातले बहुतेक हेडर याचेच. त्याची अडचण अशी, की साधारण ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ते फार वेळ राहिलं तर आतलं कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर बसतं. त्या सीमांजवळचं क्रोमियम कमी झालं की तिथून गंज आणि तडे सुरू होतात. हेडर नेमका त्याच पट्ट्यात जगतो. ३०४एल मध्ये कार्बनच कमी, म्हणून थोडं बरं. ३२१ मध्ये टायटॅनियम मिसळलेलं असतं आणि ते कार्बनला आधीच पकडून ठेवतं, क्रोमियम शाबूत राहतं.

माझं मत विचाराल तर: टर्बो नसलेल्या, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला नीट वेल्ड केलेलं १.६ मिलिमीटर भिंतीचं ३०४ पुरेसं आहे. टर्बो किंवा ट्रॅकसाठी ३२१. वाईट वेल्ड केलेल्या ३२१ पेक्षा चांगलं वेल्ड केलेलं ३०४ कधीही घ्यावं.

विकणारा ३०४ सांगतोय आणि शंका असेल तर चुंबक लावून पाहा. ४०९ ला ते चटकन चिकटतं. ३०४ च्या सरळ भागाला चिकटत नाही, वाकवलेल्या जागी मात्र किंचित ओढ लागते. ती धातू वाकवल्यामुळं येते, त्यावरून फसवणूक झाली असं समजू नका.

इनकोनेल किंवा टायटॅनियम?

इनकोनेल ६२५ हा निकेलचा मिश्रधातू लाल तापला तरी आपली ताकद टिकवतो, म्हणून फॉर्म्युला वनमध्ये एक मिलिमीटरपेक्षाही पातळ भिंतीचे हेडर त्याचे करतात. रस्त्याच्या गाडीला तो खर्च पटण्यासारखा नाही. टायटॅनियम हलकं आणि देखणं, पण ६०० अंशांच्या वर ते हवेशी झपाट्यानं रिअ‍ॅक्ट होऊन ठिसूळ होऊ लागतं. त्याची जागा मागं, सायलेन्सरला.

टर्बो गाडीसाठी नळ्यांचा मॅनिफोल्ड घ्यावा का?

इथं मॅनिफोल्डवर दोन ओझी असतात. वायूचं तापमान ९०० अंशांच्या पुढं जातं, आणि टर्बोचं वजन त्याच्याच खांद्यावर लटकलेलं असतं. हेडरसाठी चालणारी १.२ किंवा १.६ मिलिमीटरची नळी इथं अपुरी पडते. चांगले कारागीर जाड भिंतीचे तयार वेल्डिंग-बेंड वापरतात, ज्यांची भिंत पावणेतीन ते साडेतीन मिलिमीटर असते, आणि टर्बोला इंजिन ब्लॉकपासून वेगळा आधार देतात. तो आधारही असा हवा, की मॅनिफोल्ड वाढला तर त्याला थोडं सरकता यावं. आधार नसलेला नळ्यांचा टर्बो मॅनिफोल्ड मी कुणालाही घेऊ देणार नाही, किंमत कितीही कमी असो. माफक ताकद हवी असेल तर चांगल्या ओतकामाचा मॅनिफोल्ड घ्या आणि वर्षानुवर्षं निर्धास्त चालवा.

घेण्याआधी वेल्डिंग कसं पारखायचं?

बाहेरची सुबक शिलाई पाहून भुलू नका. टॉर्च घेऊन तोंडातून आत पाहा. स्टेनलेसला टिग वेल्डिंग (आर्गन वायूच्या आवरणाखाली होणारं) करताना नळीच्या आतही आर्गन भरावा लागतो. तो भरला नसेल तर आतली बाजू उघड्या हवेत जळते आणि वर सांगितलेली काळी साखर तयार होते. तिथून तडा तर जातोच, शिवाय टर्बो गाडीत सुटलेला कण थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो. आतली रेघ गुळगुळीत, सोनेरी किंवा फिकट निळी दिसली तर कारागीर मन लावून काम करणारा आहे.

फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरा. खालून उजेड दिसला तर वेल्डिंगच्या उष्णतेनं ती वाकली आहे. फ्लँजची जाडी १० मिलिमीटरच्या आसपास असावी. ऑक्सिजन सेन्सरची जागा मूळ ठिकाणाच्या जवळ आहे ना, तेही पाहा. वायर ताणून बसवलेला सेन्सर लवकर मरतो.

हीट रॅप गुंडाळू का?

नव्या स्टेनलेस हेडरला नको. रॅपनं, म्हणजे नळीभोवती गुंडाळायच्या उष्णतारोधक पट्टीनं, बॉनेटखाली उष्णता कमी होते हे खरं, पण ती उष्णता धातूतच कोंडून राहते आणि नळी जास्त तापते, म्हणजे वर सांगितलेली सगळी दुखणी वाढतात. पावसाळ्यात रॅप पाणी धरून ठेवतो तो वेगळाच त्रास, आणि साध्या लोखंडी हेडरचा तर तो वर्षा-दोन वर्षांत चाळणीसारखा चोथा करतो. काही उत्पादक रॅप दिसला की वॉरंटी नाकारतात. त्यापेक्षा आतून-बाहेरून केलेलं सिरॅमिक कोटिंग चांगलं, आणि दोन्हीपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे कंपनीची मूळ हीट शील्ड जागेवर ठेवणं. ती काढून फेकणारे मेकॅनिक मला समजत नाहीत.

बसवताना काय सांभाळायचं?

घाई करू नका. जुने स्टड थंड इंजिनावर, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून मगच सोडवा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटलेला स्टड काढणं हे हेडर बसवण्यापेक्षा मोठं काम आहे. गॅस्केट नवी घ्या, शक्यतो कंपनीची अनेक थरांची स्टील गॅस्केट. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं आवळा. सगळे जोड आधी हातानं सैल लावून, पूर्ण एक्झॉस्ट जागेवर बसल्यावर मगच शेवटचं आवळणं करा, म्हणजे हेडर ताणात बसणार नाही. काही तापणं-निवणं झाल्यावर, उत्पादकानं सांगितलं असेल तर, थंड इंजिनावर पुन्हा तपासा.

पहिल्या काही मिनिटांत धूर आणि उग्र वास येतो, तो नळीवरच्या तेलाचा. बसवण्याआधी हेडर थिनरनं पुसून घ्या. हाताचे ठसेही तापल्यावर कायमचे उमटतात.

सकाळी इंजिन थंड असताना टकटक आवाज येतो, गरम झाल्यावर थांबतो. टॅपेट आहेत का?

बऱ्याचदा ते टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, नसतात, एक्झॉस्टची गळती असते. धातू तापून फुगला की फट बंद होते आणि आवाज जातो. फ्लँजभोवती काजळीची काळी रेघ शोधा. दुर्लक्ष करू नका, कारण धक्क्यांच्या मधल्या क्षणी त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला ती दिसते, ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ झालं आणि तो पेट्रोल वाढवतो. म्हणजे फट फ्लँजला आणि भुर्दंड पेट्रोलला.

नवा हेडर आठवड्यात सोनेरी-निळा झाला. दोन नंबरचा माल दिला का?

नाही. तो ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आहे. तापमान वाढेल तसा सोनेरी, जांभळा, निळा होतो. एकच नळी बाकीच्या तिघींपेक्षा वेगळ्या रंगाची दिसली तर मात्र त्या सिलिंडरचा इंजेक्टर आणि प्लग तपासा.

कॅट काढून टाकला तर चालतो का?

चालत नाही, आणि मी तसं काम करत नाही. कॅटमधलं प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम जे काम करतं, ते आपल्या मागच्या रिक्षात बसलेल्या लहान मुलासाठी असतं. ताकदीचा फरक आजच्या चांगल्या धातूच्या जाळीच्या कॅटमध्ये फारसा उरलेला नाही.

कायद्याचं सांगायचं तर भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला अटकाव करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचं कलम १९०(२) वेगळं. त्यात दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. ब्रिटनमध्ये मूळ गाडीला असलेला कॅट गायब असेल तर एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक सरकारी तपासणी, नापास होते. कॅलिफोर्नियात हेडरला एआरबीचा, म्हणजे तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक लागतो, जर्मनीत ट्यूव्ह या तपासणी संस्थेची मान्यता. घेण्याआधी आपल्या देशातलं पाहून घ्या, पार्सल आल्यावर नको.

आम्ही रत्नागिरीला राहतो. खाऱ्या हवेत टिकेल का?

३०४ वर तांबूस डाग पडतील. ते धुऊन, पुसून निघतात. धोका असतो तो गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहण्यात. मीठ आणि ओल नळीवर बसून राहते, आणि क्लोराइड स्टेनलेसला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतं. आठवड्यातून एकदा तरी गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. थंड देशांत रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्यांनी हिवाळ्यात खालून गोड्या पाण्यानं धुवावी, इंजिन थंड असताना.

माझ्या जुन्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ ला हेडर लावता येईल का?

येईल, पण त्या गाडीत एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच हीट एक्स्चेंजर असतो आणि केबिनचा हीटर त्यावरच चालतो. रेसिंग हेडर लावला की हीटर गेला. आणि मूळ हीट एक्स्चेंजर आतून कुजला असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. त्याला वास नसतो. असल्या गाडीत हीटर लावल्यावर डोकं दुखलं तर आधी काच उघडा आणि त्याच दिवशी तपासून घ्या.

तडा गेलेला हेडर वेल्ड करून चालतो का?

चालतो, जर तडा का गेला ते आधी शोधलं तर. आधार तुटला होता का, लवचीक तुकडा आवळला गेला होता का, नट सैल होते का. कारण तसंच ठेवून वर नुसती शिलाई घातली तर दुसरा तडा पहिल्याच्या बाजूला, बोटभर अंतरावर पडतो. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिल मारून तो पुढं धावण्यापासून थांबवायचा, मधला भाग ग्राइंडरनं पूर्ण खोदून काढायचा, आतून आर्गन भरून मग टिगनं भरायचं. ३०४ असेल तर भरायची तार ३०८एल. आणि वेल्डिंग करताना फ्लँज एका जाड प्लेटला किंवा जुन्या हेडला बोल्ट करून ठेवायची, पूर्ण निवेपर्यंत सोडायची नाही. एवढं करूनही तोच हेडर तिसऱ्यांदा तडकून आला, तर मी तो घेऊन आलेल्याला चहा देतो आणि नव्या हेडरचं माप घ्यायला बसतो.